सायकलमागून अणदूरपर्यंत

तुम्ही दोघं हल्ली फोनवर विचारता, की आजोबांची ती वाकड्या हँडलची सायकल कुठं गेली. मी विषय बदलते, कारण आजोबा शेजारीच बसलेले असतात. त्यांच्यासमोर ते बोलता येत नाही आणि तुमच्याशी खोटं बोलायचं नाही, म्हणून लिहून ठेवते. मोठीला हे आत्ता वाचता येईल. धाकट्याला मराठी अक्षरं जुळवता यायला लागली की त्यानंही वाचावं, कारण हे सगळं त्याच्यावरून सुरू झालं.

धाकट्या, तू वेळेच्या फार आधी जन्मलास. त्या वर्षी विमानं बंद होती. तुझी आई तिकडच्या इस्पितळात, तू काचेच्या पेटीत, आणि आम्ही दोघं इथं धाराशिवला, जेवणाच्या टेबलावर फोन बरणीला टेकवून बसलेलो. पडद्यावर तू माझ्या तळहाताएवढा दिसायचास. खरा केवढा होतास ते कळत नव्हतं. मी तुझ्या वजनाचा तक्ता करून फ्रिजवर लावला. रोज सकाळी तुझे बाबा आकडा कळवायचे आणि मी तो लिहायचे. त्याशिवाय मला करण्यासारखं काहीच नव्हतं.

आजोबांनी त्या तक्त्याकडे कधी पाहिलं नाही. तू घरी आलास त्या दिवशी चहा पिताना, गॅसचा नंबर लावल्याचं सांगावं तशा आवाजात ते मला म्हणाले, "मी खंडोबाला बोललोय. पोरगं घरी येऊ दे, अणदूरला पायी येतो."

मी हैदराबादेत कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि इथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावण्यात सगळी नोकरी गेली. नवसाचा विषय माझ्याकडे कधी नव्हता. आजोबाही पाटबंधारे खात्यातले इंजिनिअर. अणदूरचा खंडोबा हे आपलं कुलदैवत, पण आमच्या घरी ते लग्नपत्रिकेच्या वरच्या ओळीपुरतं. सासूबाई होत्या तोवर कुळाचार त्यांनी सांभाळला. त्या गेल्यावर तो कुणाच्याच वाट्याला आला नाही.

मी म्हटलं, "आणि तुमचे गुडघे?"

ते म्हणाले, "तेव्हा गुडघे आठवले नाहीत."

आमच्या घरापासून अणदूर साठ-पासष्ट किलोमीटर. कोपऱ्यावरून दूध आणताना आजोबांना दोनदा थांबावं लागायचं. दर वर्षी थंडी आली की ते "या वर्षी जायचं" म्हणायचे आणि दर वर्षी डावा गुडघा सुजायचा. शेवटी सोलापूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, लांबचं चालणं बंद, सायकल चालवा, तिच्यात गुडघ्यावर अंगाचं वजन येत नाही. डॉक्टरांच्या मनात गल्लीतल्या दोन चकरा असणार. आजोबांनी परतीच्या वाटेवरच दुकान गाठलं आणि शर्यतीतल्यासारखी सायकल घेतली. बोटाएवढे टायर, बोकडाच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, बावीस गिअर. माझ्या मते त्यातले दोनच त्यांना कळले, सोपा आणि अवघड.

पहिले काही महिने गल्लीला करमणूक झाली. डोक्यावर हेल्मेट, हातात अर्धी बोटं उघडी असलेले मोजे, आणि खाली बुडाला गादी लावलेली तंग चड्डी. ती एकटी घालून बाहेर पडायचं धाडस त्यांना झालं नाही, म्हणून तिच्यावर पायजमा आणि पायजम्याला कपडे वाळत घालायचा चिमटा. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या दोरीवरचा चिमटा नेत जाऊ नका, परवा त्यापायी माझी साडी उडाली." आजोबांनी दुसऱ्या दिवशी त्यांना डझनभर चिमटे नेऊन दिले.

पण ते वाढत गेले. आधी हातलाईच्या डोंगरापर्यंत, मग घाटाच्या पायथ्यापर्यंत, मग चाळीस किलोमीटर. सकाळी परत आले की त्यांच्या तोंडावर जे दिसायचं ते मी त्यांच्या नोकरीच्या काळातही पाहिलं नव्हतं. ते सांगायचे, डोंगराच्या धारेवरच्या रस्त्यानं गेलं की दोन्ही बाजूंना खोरी दिसतात, गावं अजून धुक्यात असतात आणि सायकलच्या साखळीखेरीज काही ऐकू येत नाही. मी ऐकून घ्यायचे.

आता प्रश्न एकच होता. सायकलनं जाणं पायी धरायचं का? हा निकाल त्यांच्या थोरल्या बहिणीचा. त्या सास्तूरला असतात, नव्वदीच्या आसपास आहेत, आणि आपल्या घराण्यात देवाधर्माचं जे काही शिल्लक आहे ते त्यांच्याकडे आहे. आजोबांनी स्पीकरवर फोन लावला.

"अक्का, सायकलवर आलं तर चालतं का?"

"पायडल कशानं मारतूस?"

"पायानं."

"मग पायीच झालं की. निस्तं गाडीत बसू नकू. आन् कुनी ढकलायचं न्हाय."

"ढकललं तर?"

"तर त्यो ढकलनाऱ्याचा नवस झाला. तुजा ऱ्हायला तसाच."

मी मनातल्या मनात हसले. आजोबांनी मात्र कागदावर लिहून घेतलं.

त्याच सुमारास गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. संक्रांतीनंतरची तारीख मिळाली. डॉक्टर स्पष्ट बोलले, नंतर रस्त्यावरची सायकल विसरा, घरात उभी केलेली चालवा. एकदा पडलात तर मला काही करता येणार नाही. म्हणजे जायचं तर त्याआधीच. पौषातला एक रविवार ठरला. रविवार खंडोबाचा वार.

मग मी माझं काम केलं. दोनशे पानी वहीत चार रकाने आखले, ठिकाण, पोहोचायची वेळ, पाणी आणि खाणं, गोळ्या. कुठं रस्ता उकरलाय ते विचारून ठेवलं. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर आमच्या मागच्या गल्लीत राहतात, त्यांना गाडी चालवायला सांगितलं. मागे बर्फाची पेटी, पंक्चरचं सामान, कोरडे कपडे, नारळ. देवळाची वेळही पाहिली होती मी. नेटवर होती, सकाळी पाच ते रात्री नऊ. ती वहीत लिहिली.

आजोबांची अट होती की गाडी पुढं नाही, शेजारी नाही, मागंच राहील. त्यामुळे त्या सकाळचं जे मला आठवतं ते म्हणजे त्यांची पाठ. पिवळं जाकीट, मधोमध घामाचा डाग, आणि उजवीकडं थोडं जास्त झुकणारे खांदे. डावा पाय ते पुरता दाबत नव्हते.

धारेवर आलो तेव्हा ऊन नुकतं आलं होतं. ते सांगायचे ते सगळं खरं होतं. डोंगरांचे माथे सपाट, कुणी पट्टीनं कापल्यासारखे, वाळलेल्या गवताचे. खाली खोऱ्यात ज्वारी उभी, मधूनच हरभऱ्याचे हिरवे तुकडे, पलीकडच्या माथ्यावर पवनचक्क्या, त्यातल्या निम्म्या थांबलेल्या. काच खाली केली तर कुठूनतरी हुरड्याचा जाळ लागल्याचा वास आला. आणि त्या सगळ्यात ते एकटे, इतके लहान, की मी मध्येच चष्मा पुसला.

उतार लागला. सायकल सुटली आणि आमच्यातलं अंतर वाढत गेलं. एका वळणावर शेळ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. मला तो वरून दिसत होता, त्यांना दिसत नव्हता. मी हॉर्न दाबायला सांगितलं.

ड्रायव्हर म्हणाले, "म्याडम, हॉर्ननं साहेब दचकले तर हितंच आडवे व्हतील. गप बसू."

आम्ही गप बसलो. आजोबांनी वेग कमी केला, शेळ्यांमधून वाट काढली, मेंढक्याला काहीतरी बोलले आणि पुढं गेले. ते काय बोलले ते मी नंतर विचारलं. "रामराम घातला," म्हणाले.

तुळजापुराचा कळस लांबून दिसला तेव्हा त्यांनी सायकलवरूनच मान खाली घातली. पुढचं खोरं शांत होतं. एका गावाच्या पाराजवळ थांबून त्यांनी केळं खाल्लं, गोळी घेतली, आणि मला म्हणाले, "तू उगाच गाडीत बसून दमतेस." नळदुर्गाजवळ हायवे आला, ट्रक आले. आम्ही गावात न शिरता बायपासनं गेलो. परतताना निवांत किल्ला पाहायचा असं वहीत होतं. फाट्यावर बरीच माणसं दिसली, कपाळं हळदीनं पिवळी, काहीजण पायी, काही टेम्पोत. मी म्हटलं, "बघा, अणदूरहून दर्शन करून परत निघालेत." ड्रायव्हरनी आरशात माझ्याकडे पाहिलं आणि गिअर बदलला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी आजोबा अणदूरच्या देवळासमोर उतरले. ठरल्यापेक्षा पंधरा मिनिटं आधी. रविवार असून गर्दी नव्हती, याचं मला बरं वाटलं. त्यांनी हेल्मेट काढलं, केस ओल्या हातानं मागं सारले आणि माझ्याकडून नारळ घेतला. तोंडावर ते डोंगरावरून आल्यावरचं.

ओवरीत एक म्हातारे गृहस्थ ऊन घेत बसले होते. त्यांनी सायकल वरपासून खालपर्यंत पाहिली.

"कुठले पाव्हणे?"

"धाराशिवचे. कुळ इथलंच." आजोबा जरा ताठ उभे राहिले. "नवस होता, सायकलवर आलो."

"हितवर सायकलवर? मग नळदुर्गावरनंच आला असताल."

"व्हय. बायपासनं."

"आन् तितं थांबला न्हाईत?"

"परतताना थांबू म्हटलं."

म्हाताऱ्यांनी आधी आजोबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मालक, देव तितंच हायत की. थंडीचं नळदुर्गाला ऱ्हातेत. जत्रा झाली की येतील माघारी."

हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. आम्हाला असायला हवं होतं. देव एकच आणि गावं दोन. वर्षातले बहुतेक महिने ते अणदूरला असतात आणि थंडीचे काही महिने नळदुर्गाला. जुन्या काळापासून दोन्ही गावांत तसं ठरलेलं आहे, आणि मूर्ती नेण्या-आणण्याचा सोहळा होतो. इकडच्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक आहे. मी देवळाची वेळ लिहिली होती. देव घरी आहेत का, हा रकाना माझ्या वहीत नव्हता.

आजोबा मला म्हणाले, "तू सगळं विचारलं होतंस ना?" रागानं नाही. त्यांना खरंच वाटलं होतं की मी विचारलं असेल. आणि मला वाटलं होतं की देव त्यांचे, ते त्यांना माहीत असेल.

म्हातारे गृहस्थ भले होते. "जागंला नमस्कार केला तरी पोचतो. आमी रोजच करतो."

"मी येतो म्हणालो होतो ते त्यांना," आजोबा म्हणाले. "जागेला नाही."

मी अक्कांना फोन लावला. का लावला ते सांगता येत नाही. दुसरं कुणी आठवलं नाही.

"अगं, शेंबड्या पोराला ठावं हाय ते," त्या म्हणाल्या. "तुमी इचारलं कुठं? शिकलेली मान्सं, म्हनलं बघून निघाले असताल. आता जा म्हनावं सायकलवरच माघारी. किती हाय नळदुर्ग? आठ किलोमीटर."

ड्रायव्हरही पायाकडे बघत म्हणाले, "मला वाटलं तुमच्यात आदी अणदूर, मग नळदुर्ग, असं आसंल."

आठ किलोमीटर. सकाळी ते त्यांनी अर्ध्या तासात काढले होते. पण अर्धा तास ओवरीत बसल्यावर गुडघा गार पडला. पायजमा वर केला तर तो नारळाएवढा झालेला. मी बर्फ लावला, दुखण्यावरचा फवारा मारला, गोळीची वेळ नसताना गोळी दिली. गाडीत बसा म्हटलं. त्यांनी हेल्मेट घातलं.

त्या रस्त्याला चढ आहे, गाडीतून कधी कळणारही नाही असा. ते सगळ्यात सोप्या गिअरवर होते आणि सायकल जागच्या जागी असल्यासारखी चालत होती. बाजूनं ट्रक जात, वाऱ्यानं त्यांचं जाकीट फुगायचं आणि हँडल हलायचं. आमच्या मागं गाड्या भोंगे वाजवत होत्या. मी किलोमीटरचे दगड मोजत होते, सहा, पाच, चार. चारनंतर ते थांबले. पुन्हा बसले. डावा पाय पायडलवर ठेवायला गेले, तो वर येईना. हातानं उचलून ठेवला. दाबला आणि तसेच उतरले.

मग ते सायकल धरून चालायला लागले. तिच्यावर सगळा भार टाकून, काठीसारखी.

मी गाडीतून उतरले आणि त्यांच्या मागून चालू लागले. उन्हं डोक्यावर होती. माझा हात त्यांच्या पाठीपासून वीतभर अंतरावर होता. एवढा एक हात लावला असता, सायकलच्या सीटला मागून नुसता टेकवला असता, तरी त्यांना सोपं झालं असतं. तो मी लावला नाही. मी, जिनं अक्कांचा तो नियम ऐकून मनात हसून घेतलं होतं. वाटलं, हात लागला तर मोडेल. काय मोडेल ते मला आजही सांगता यायचं नाही. मी वीतभर अंतर ठेवून चालत राहिले, आणि ते दहा पावलांनी थांबायचे, मग आठ पावलांनी, मग पाच.

दोनच्या दगडाशी ते खाली बसले.

मी पाणी दिलं. त्यांनी तोंड धुतलं, प्यायले नाहीत. बाटलीला झाकण लावून ती मला परत दिली. मग ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी घ्या जवळ." सायकलचं पुढचं चाक त्यांनी स्वतः काढलं, दोन्ही भाग डिकीत नीट आडवे ठेवले, त्यावर चादर घातली आणि हात पुसले. ड्रायव्हर मदतीला आले तर त्यांना "राहू द्या," म्हणाले. गाडीत ते मागं बसले, माझ्या शेजारी.

नळदुर्गात देवळाशी पोहोचलो. गर्दी होती, ढोल होते, हळद उधळलेली. मी दार उघडलं.

"तू जा," ते म्हणाले.

"एवढं आलात, अहो. चार पायऱ्या आहेत."

"मी आलो नाही. मला आणलंय."

त्यांनी नारळ माझ्या हातात दिला.

रांगेत मी पाऊण तास उभी होते. पुढं एक बाई कडेवर लेकरू घेऊन होती, ते माझ्या चष्म्याची दोरी ओढत होतं. काय म्हणायचं ते माझं ठरत नव्हतं. अर्ज लिहिण्यात माझा हात कुणी धरत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, पण समोर उभी राहिले तेव्हा मला एकच वाक्य आलं, की दोन किलोमीटर कमी पडले. ते मनातल्या मनात म्हटलं आणि धाकट्या, मला तुझ्यासाठी भीती वाटली. तू त्या वेळी तिकडं गाढ झोपला असशील. तुला साधी सर्दीही नव्हती. आयुष्यभर मी या गोष्टींना मान दिला नाही, आणि त्या गाभाऱ्यासमोर मी या धास्तीनं उभी होते की त्या दोन किलोमीटरांचं तुझ्याकडून काही वसूल होईल. मागच्या माणसानं "चला आजी, पुढं व्हा," म्हटलं. पुजाऱ्यांनी कपाळाला हळद लावली, भंडाऱ्याची पुडी हातावर ठेवली, आणि मी बाहेर आले.

आजोबा काच खाली करून बसले होते.

"काय म्हणालीस?"

"सांगितलं, की कमी पडले."

"मग?"

"मग काय. रांग होती मागं."

मी पुडी पुढं केली. त्यांनी घेतली, उघडली नाही, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली. परतीला पुन्हा तीच खोरी आणि तेच माथे. संध्याकाळच्या उन्हात सकाळपेक्षा सुंदर दिसत असणार. ते डोळे मिटून होते. झोपले नव्हते.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. चांगलं झालं असं सगळे म्हणतात. सायकल मागच्या खोलीत आहे, चाक अजून वेगळंच आहे. ते त्यांनी बसवलं नाही आणि मला बसवता येत नाही. आता ते काठी घेऊन आपल्या गल्लीतल्या पारापर्यंत जाऊन येतात. नवसाबद्दल एक शब्द बोललेले नाहीत. फक्त तुमचा फोन आला की पहिला प्रश्न, "धाकट्याची तब्येत?" तू खोकलास तर त्या रात्री जेवत नाहीत. मी समजावते. माझ्या समजावण्यात काही जोर नाही हे त्यांना कळतं, कारण त्या रात्री मलाही झोप लागत नाही.

परवा सहज म्हणावं तसं ते म्हणाले, "देव पुन्हा नळदुर्गाला कधी येतात, ते विचारून ठेव."

मी अक्कांना फोन करून विचारलं. तिथी कळली आहे. आजोबांना मात्र मी अजून कळलं नाही असंच सांगते. सांगितलं की ते निघतील, आणि मला मागून चालण्याखेरीज काही करता येणार नाही.